आज किती पायऱ्या ऱ्हायल्यात?

आषाढ-श्रावणात नृसिंहवाडीच्या घाटावर पहाटे दोन माणसं समोरासमोर आली की नमस्काराच्याही आधी एक जण विचारतो, "आज किती पायऱ्या ऱ्हायल्यात?" दुसरा आकडा सांगतो. कधी म्हणतो, "कालच्यापेक्षा दोन गेल्या." एवढं बोलणं झालं की दोघं आपापल्या नेमाला लागतात. एक ओल्या पंचानं प्रदक्षिणा घालायला जातो, दुसरा तांब्या भरून पायऱ्या चढू लागतो.

माझं आजोळ वाडीपासून दोन कोसांवर. आजीचा पौर्णिमेचा नेम होता आणि लहानपणी तिचा पदर धरून मी पुष्कळदा त्या घाटावर गेलो. महाबळेश्वराकडून आलेली कृष्णा आणि कोल्हापूरकडून आलेली पंचगंगा इथे मिळतात. दत्ताचं देऊळ काठाला अगदी लागून, खालच्या अंगाला आहे. औदुंबराखाली पादुका आहेत. गुरुचरित्राच्या परंपरेनुसार नृसिंहसरस्वती भिलवडीजवळच्या औदुंबरचा चातुर्मास आटोपून इथे आले, बारा वर्षं राहिले आणि मग गाणगापूरला गेले. आजीला ही कथा तोंडपाठ होती. पण घाट उतरताना ती कथा सांगत नसे, पायऱ्या मोजत असे. ओठ हलायचे. मला वाटायचं, जप चाललाय. एकदा जवळ जाऊन ऐकलं तर आकडे निघाले.

पायऱ्या मोजणारे ते ओठ मला अलीकडे फार आठवतात. त्याला कारण आहे. नवं काही सुचावं म्हणून रोजचा नेम कसा लावावा, यावर सध्या पुष्कळ बोललं-लिहिलं जातं. पहाटे पाचला उठा, तीन पानं लिहा, गार पाण्यानं अंघोळ करा, ठरलेल्या पेल्यातून ठरलेला चहा घ्या, मग प्रतिभा येईल. अमुक लेखक उभा राहून लिहायचा, तमुक संगीतकार दुपारी दोन तास चालायचा, तुम्हीही चाला. माझ्याकडे लिहायला शिकण्यासाठी येणारी तरुण मुलं-मुली अशा याद्या घेऊन येतात. महिनाभर नेम पाळतात. काही सुचत नाही, मग स्वतःला दोष देतात. त्यांच्याबद्दल मला कळकळ वाटते, म्हणूनच हा लेख. त्यांच्या नेमात खोट नाही. नेमाकडून जे मागितलं जातंय, ते मागण्यात खोट आहे.

आपल्याकडे धर्मशास्त्रानं कर्माचे प्रकार पाडले: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. काम्य म्हणजे फळाची इच्छा धरून केलेलं. पुत्र हवा, पाऊस हवा, म्हणून केलेलं. नैमित्तिक म्हणजे काही निमित्त घडलं म्हणून करायचं. ग्रहण लागलं, घरात मूल जन्मलं. आणि नित्य म्हणजे रोजचं, ज्याला वेगळं फळ सांगितलेलं नाही. केलं म्हणून काही मिळत नाही, चुकवलं तर मात्र दोष लागतो. लहानपणी मला हा व्यवहार फार तोट्याचा वाटायचा. आता वाटतं की माणसाच्या मनाबद्दल इतकी खोल समजूत फार थोड्या ठिकाणी सापडेल. सुचण्यासाठी नेम लावणं हे काम्यकर्म आहे. फळ दिसलं नाही की ते सुटतं, आणि सुटेपर्यंतही करणाऱ्याची अर्धी नजर फळावरच असते. समोर काय घडतंय ते पाहायला उरलेली अर्धी पुरत नाही. नित्यनेमाचं तसं नाही. त्यातून काही मिळवायचं नसल्यामुळे नजर मोकळी राहते.

मोकळी नजर कशावर जाते? जे बदललं त्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे. रोजचा नेम कल्पना निर्माण करत नाही. तो पायऱ्या बांधतो. पायऱ्या असल्या की पाणी किती चढलं ते कळतं. उघड्या, उतरत्या काठावर नदी हातभर वाढली तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही. बांधलेल्या घाटावर एक पायरी बुडाली की लहान पोरसुद्धा सांगतं. आपण ज्याला नवी कल्पना म्हणतो, ती बहुतेक वेळा असाच एक लक्षात आलेला फरक असते. काल असं नव्हतं, आज आहे. फरक दिसायला मागे काहीतरी न बदलणारं लागतं, आणि आयुष्यात न बदलणारं आपोआप मिळत नाही, ते रोज हातानं करावं लागतं.

वाडीत ते शतकानुशतकं रोज केलं जातंय. पहाटे काकड आरती, मग अभिषेक, दुपारी महापूजा, सांजेला धूपारती, पालखी, रात्री शेजारती. पुजाऱ्यांची घराणी आपलं मूळ नृसिंहसरस्वतींचे शिष्य भैरंभट जेरे यांच्यापाशी नेतात आणि सेवा आळीपाळीनं चालते. आपली पाळी संपली की दुसऱ्याची येते, म्हणजे आपण चुकलो तर कुणीतरी खोळंबतं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकट्यानं स्वतःपुरता लावलेला नेम एकट्यालाच मोडताही येतो. जिच्यामागे दुसरं कुणी उभं आहे, ती पाळी मोडवत नाही.

या अखंड नित्यावर पावसाळ्यात नैमित्तिक येऊन उभं राहतं. पाणी चढत चढत देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या धारेत स्नान करायला माणसं लांबलांबून रात्री-अपरात्री येतात. पाणी वाढताना घडतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना घडतो तो उतरता. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि नित्यक्रम तिथे चालू राहतो. दुसरीकडे देवळात पुराचं पाणी शिरलं तर ती आपत्ती ठरते. इथे आपत्तीला नाव मिळालं, दिशा मिळाली, स्नान मिळालं. पुराचा सण करण्याची ही कल्पना कुणाला सुचली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण ज्यांनी रोज, वर्षानुवर्षं, त्याच पादुकांवर पाणी घातलं, त्यांनाच एके दिवशी नदी येऊन तेच करताना दिसली असणार. अभिषेक रोजचा, आज करणारी फक्त वेगळी. नित्यावाचून हे नैमित्तिक दिसलंच नसतं, नुसता पूर दिसला असता.

टेंबे स्वामींचं, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींचं, उदाहरण मला याच ओळीतलं वाटतं. ते 1854 साली सावंतवाडीजवळ माणगावला जन्मले, 1891 मध्ये गंगाखेडला पत्नी वारल्यावर त्यांनी संन्यास घेतला आणि 1914 साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवला. मधली सगळी वर्षं ते पायी हिंडले. वाहन नाही, पैशाला स्पर्श नाही. चातुर्मासात एका गावी मुक्काम, बाकीचे आठ महिने वाट. वाडीवर त्यांचा विशेष जीव. त्यांची करुणात्रिपदी दत्तसंप्रदायात आजही घरोघर, देवळोदेवळी म्हटली जाते. त्यांचं संस्कृत-मराठी लेखन पाहिलं की पहिला प्रश्न पडतो तो वेळेचा. रोज चालणाऱ्या, भिक्षेवर राहणाऱ्या, डोक्यावर कायमचं छप्पर नसलेल्या माणसानं इतकं लिहिलं कधी? मला वाटतं, घर नसलं तरी त्यांच्यापाशी पायऱ्या होत्या. स्नान, दंडतर्पण, जप, भिक्षा, पाठ, निरूपण हा क्रम गाव बदललं तरी बदलत नव्हता. म्हणून प्रत्येक नदी त्यांना वेगळी दिसली. त्यांनी कृष्णालहरी लिहिली, नर्मदालहरीही लिहिली. रोज ज्या विधीनं कृष्णेत उतरायचं त्याच विधीनं नर्मदेत उतरलं, की दोन पाण्यांतला फरक अंगालाच कळतो. आपण प्रवासात नेम सोडतो आणि म्हणतो, बदल हवा. बदल मिळतो, पण तो मोजायला हाताशी काही नसतं.

पूजेआधीच्या संकल्पातही हेच आहे. शब्द ठरलेले, चाल ठरलेली. पण मध्ये जागा मोकळ्या ठेवलेल्या: कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणतं संवत्सर, कोणतं अयन, कोणता ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. म्हणजे रोजच्या त्याच कृत्याची सुरुवातच आज काय आहे हे मोठ्यानं सांगून होते. हजारो पूजा यांत्रिक होतात हे मला ठाऊक आहे. तिथी पुटपुटली जाते, खिडकीबाहेरचा ऋतू कुणी पाहत नाही. तो दोष विधीच्या रचनेचा नाही. रचनेनं 'आज'साठी जागा सोडली होती, आपण ती न बघता ओलांडली.

देवळातले दाखले पुरे. सर्वांत मोठा दाखला घराच्या ओसरीवर होता, आणि तो देवाचा कमी, पोटाचा जास्त होता. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आकडा एक लाखाच्या वर गेला. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकता-वाचता येतात. एक लाख ओव्या! त्या रचणाऱ्यांतली एकही बाई 'आज काहीतरी रचूया' म्हणून पहाटे उठली नव्हती. दिवसाच्या भाकरीचं पीठ उजाडायच्या आत पडायला हवं होतं. जातं तेच, खुंटा तोच, चाल तीच. ओवीचा पुष्कळसा भाग ठरलेला, आईच्या किंवा सासूच्या तोंडून आलेला, आणि त्याला जोडून आपलं स्वतःचं काही. त्या जोडलेल्या जागेत काय काय आलं ते पाहावं. सीतेचा वनवास आला, पंढरीची वाट आली, भावाची बैलजोडी, सासरचा जाच, लेकीचं बाळंतपण आलं. आणि काळ बदलला तेव्हा त्याच चालीवर बाबासाहेब आंबेडकर आले. ज्या घाटावर पिढ्यान् पिढ्या राम-सीतेचं पाणी वाहत होतं, तिथे एका पहाटे दलित बायकांना नवं पाणी चढलेलं दिसलं आणि त्यांनी ते त्याच पायऱ्यांवर मोजलं. वर्तमानपत्र न वाचता त्यांनी इतिहासाची नोंद केली. जुनी चाल नव्या माणसाला अडवत नाही, उलट तो नवा आहे हे तिच्यामुळेच उठून दिसतं, याचा याहून ठळक पुरावा मला ठाऊक नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जातं ही निवडलेली साधना नव्हती. ते कष्ट होते, आणि बहुतेक वेळा आजारपणात, गरोदरपणातही चुकत नव्हते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांची पाठ मोकळी झाली. जातं परत यावं असं म्हणणाऱ्यानं आधी महिनाभर रोज पायलीभर जोंधळा दळून दाखवावा. तरीही जात्याबरोबर काय गेलं तेही पाहायला हवं. मी शाळेत असताना आजीला म्हटलं, ओव्या सांग, वहीत लिहून घेतो. ती भिंतीला टेकून बसली, दोन ओव्या सांगितल्या आणि अडली. मग म्हणाली, "न्हाई रे आठवत. हात फिरल्याबिगर तोंड फिरत न्हाई." कोपऱ्यात पालथं घातलेलं जातं आम्ही दोघांनी मांडलं, मूठभर गहू घातले, आणि ओव्या येऊ लागल्या. त्यातल्या तीन-चार मी तिच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. एक तर चक्क माझ्या वहीबद्दल होती. ती तिला त्याच क्षणी सुचली होती. हात जुन्या फेऱ्यात पडल्याबरोबर तिला समोरची नवी वस्तू दिसली.

बहिणाबाई चौधरींचंही असंच. 1880 साली खानदेशात आसोद्याला जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या रचत गेल्या, मुलानं आणि नात्यातल्यांनी लिहून ठेवलं. 1951 मध्ये त्या गेल्यावर, 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की आपल्यात कोण होतं. त्यांच्या कवितेतले विषय मोजा: चूल, जातं, मोट, पेरणी, कापणी, सुगरणीचं घरटं. रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या गोष्टी. मला तर वाटतं, त्या रोज डोळ्यांखालून जात होत्या म्हणूनच एके दिवशी त्यांचं आतलं अंग दिसलं.

विनोबांचं थोडं वेगळं आहे, कारण त्यांचा नेम निवडलेला होता. गीता सोप्या मराठीत यावी ही त्यांच्या आईची इच्छा. आई 1918 मध्ये गेली. 'गीताई' लिहायला त्यांनी सुरुवात केली ती 7 ऑक्टोबर 1930 रोजी वर्ध्याला, पहाटेच्या प्रार्थनेनंतरच्या वेळात, आणि 6 फेब्रुवारी 1931 ला ती पुरी झाली. चार महिने. पण त्या चार महिन्यांच्या मागे कित्येक वर्षांचा पहाटेचा नेम होता, आणि तो नेम 'गीताई'साठी लावलेला नव्हता. प्रार्थना आधीपासून चालू होती, सूत कातणं चालू होतं. 'गीताई' त्या तयार आसनावर येऊन बसली. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत अठरा रविवारी त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तुरुंगाइतका एकसारखा दिवस दुसरीकडे कुठे मिळणार? तिथे रविवार ही एक पायरी झाली.

आणि 'गीतरामायण'. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे 56 गीतं झाली. कवी माडगूळकर सांगली जिल्ह्यातले, संगीतकार सुधीर फडके कोल्हापूरचे. म्हणजे दोघंही याच मुलखाच्या आसपासचे. त्यांचा नेम त्यांनी स्वतः लावलेला नव्हता, नभोवाणीच्या वेळापत्रकानं लावला होता आणि महाराष्ट्र कान देऊन बसला होता. कथा तर साऱ्यांना ठाऊक. पुढे काय होणार याची उत्सुकता शून्य. पण गाणारं पात्र बदलत होतं, आणि ज्या प्रसंगाला आपण लहानपणापासून ओळखतो तो आज कैकेयीच्या, भरताच्या, शबरीच्या बाजूनं कसा दिसतो, एवढंच नवं होतं. तेवढं पुरलं.

पश्चिमेकडे या विषयावर जे संशोधन झालं त्यातलं थोडं सांगतो, कारण वाचक ते विचारणारच. गणिती आंरी प्वाँकारे यानं 1908 मध्ये लिहून ठेवलं की एक गणिती गोष्ट त्याला गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना अचानक उलगडली. ग्रॅहम वॉलस यानं 1926 मध्ये सुचण्याच्या प्रक्रियेचे टप्पे मांडले आणि त्यात 'उबवण' हा टप्पा धरला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना सरासरी 60 टक्के जास्त कल्पना सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालतानाही सुचल्या. हे सगळं खरं आहे आणि उपयोगीही. पण प्रयोगशाळा काही मिनिटं मोजते. आजीचा घाट तिनं चाळीस वर्षं मोजला होता. नेमाची खरी ताकद त्या लांबीत आहे, आणि ती कोणत्याही प्रयोगात बसत नाही. प्वाँकारेच्या पायरीआधीही कित्येक दिवसांचं रोजचं बसणं होतं, हे त्यानं स्वतःच सांगितलं आहे.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्ट, जी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 2005 साली कृष्णा-पंचगंगेला मोठा पूर आला. गावोगावी भिंतींवर, खांबांवर खुणा केल्या गेल्या: पाणी इथवर आलं होतं. चौदा वर्षं ती खूण डोळ्यांसमोर होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं तेव्हा शिरोळ तालुक्यात, सांगलीत, किती तरी घरांतून एकच वाक्य ऐकू येत होतं: "2005 ला इथवर आलं हुतं, त्याच्यावर काय येत न्हाई." माणसांनी सामान त्या खुणेच्या वर एक हात रचलं आणि ती घरात थांबली. पाणी खूण ओलांडून गेलं. मग नावा, लष्कर, छपरावर अडकलेली माणसं आणि दावणीला मेलेली जनावरं. 2021 ला पुन्हा.

म्हणजे मोजमापच माणसाला आंधळं करू शकतं. मी या गोष्टीचा फार विचार केला आहे. घाटावर पायऱ्या मोजणारी आजी आणि भिंतीवरच्या खुणेवर विसंबलेला माणूस, दोघंही पाणीच मोजत होते, मग फरक कुठे? आजी रोज मोजत होती. भिंतीवरची खूण एकदा मोजलेली होती. ती आठवण होती, नेम नव्हता. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही, कारण रोजचा नेमसुद्धा हळूहळू खूण होऊन बसतो. ज्या लेखकाला एका पहाटे एक उत्तम गोष्ट सुचली, तो पुढची वीस वर्षं तीच पहाट, तोच कागद, तीच बैठक मांडतो आणि त्याच पाण्याच्या पातळीची वाट पाहतो. आपल्या साहित्यात असे मोठे लेखक झाले, ज्यांचा नेम शेवटपर्यंत टिकला आणि लेखन मात्र पहिल्या दोन पुस्तकांच्या खुणेशी थांबलं. त्यांचा नेम काम्य झाला होता. मागच्या वेळी मिळालेलं फळच पुन्हा हवं होतं. पायरीचं काम पाणी कुठे आहे ते सांगणं. पाणी कुठवर येईल हे पायरीला विचारू नये.

आणखी एक गैरसमज दूर करायचा आहे. नेम म्हटला की शांत खोली, खिडकी, चांगलं टेबल, स्वतःचा एक तास असं चित्र उभं राहतं. ज्या बाईकडे ते नाही तिला, पाळीवर जाणाऱ्या कामगाराला वाटतं, हे आपलं नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेवर जाऊन उभं राहा. किटल्या घेऊन माणसं रांगेत. दूध मापात ओततात, नमुना काढतात, फॅट लागते, चिठ्ठी मिळते. दिवसातून दोनदा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. ती चिठ्ठी वाचणाऱ्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे. "आज फॅट कमी लागली." एवढ्या एका ओळीवरून ती घरी जाईपर्यंत विचार करते: वैरण बदलली का, म्हैस माजावर आहे का, पाणी कमी पडलं का, ऊन बाधलं का. कुणी पेंडीचं प्रमाण बदलून पाहतं, कुणी उसाचं वाडं कमी करून मका घालतं, कुणी दुपारची म्हैस ओढ्याला नेऊ लागतं. हे शोध आहेत. त्यांना कुणी सर्जन म्हणत नाही म्हणून ते कमी दर्जाचे होत नाहीत. रोज दोनदा मोजणारी ही बाई नव्या कल्पनेच्या बाबतीत अनेक लेखकांच्या पुढे आहे.

मी स्वतः काय करतो, हे विद्यार्थी विचारतात, म्हणून सांगतो. तरुणपणी माझी एक वही होती, तिच्यावर 'कल्पना' असं लिहिलेलं. रोज सकाळी ती उघडून बसायचो. ती वही जवळजवळ कोरी राहिली. पुढे कधीतरी ती सोडून मी दुसरी वही घेतली आणि तिच्यात रोज सकाळी साडेसहाला घरासमोरच्या एसटी थांब्याबद्दल एकच ओळ लिहू लागलो. कोण उभं आहे, किती जण आहेत, एवढंच. सुंदर लिहायचं नाही, अर्थ काढायचा नाही. सात-आठ महिने त्या ओळी अगदी रूक्ष आहेत. मग दिवाळीनंतरच्या एका ओळीत लिहिलंय की थांब्यावर गणवेशातली पोरं उभी आहेत आणि समोरून ऊसतोडणी टोळीचा ट्रॅक्टर गेला, वर भांड्यांच्या गाठोड्यांत तेवढ्याच वयाची पाच पोरं. टोळ्या मी जन्मापासून पाहत आलो. दर वर्षी येतात, उन्हाळा लागला की जातात. पण थांब्यावरची पोरं रोज मोजत असल्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न पडला: या पाच जणांना मी कोणत्या थांब्यावर मोजायचं? त्यांच्या गावची शाळा मागे राहिली, इथल्या शाळेच्या पटावर ती नाहीत. त्या एका ओळीतून पुढची दोन वर्षं माझं काम निघालं. थांबा दररोज पाहिला नसता तर ट्रॅक्टर दिसला असता, ती पोरं दिसली नसती.

दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत जातो तेव्हा वाडीला कन्यागत महापर्वकाळ येतो. मागचा 2016 मध्ये आला. आजी त्याच्या पुष्कळ आधी गेली होती. तिच्या आयुष्यात असे पर्वकाळ मोजून पाच-सहा आले असतील, दक्षिणद्वार कित्येक, आणि साध्या पहाटा तर अगणित. एवढ्या पहाटांपैकी तिला आठवत होत्या त्या मूठभरच, आणि त्या सगळ्या पाण्याच्या.

2019 चा पूर ओसरल्यावर मी वाडीला गेलो होतो. घाटावर गुडघाभर गाळ. माणसं फावड्यांनी, खराट्यांनी, पाण्याच्या पंपानं वरून खाली पायऱ्या मोकळ्या करत होती. चिखलातून एकेक कड वर येत होती. खालून कुणीतरी ओरडून विचारलं, किती झाल्या? वरच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं, ओठ हलवत, बोट खाली नेत नेत मोजलं आणि सांगितलं, "सतरा. अजून पाण्यात हाईत."